पाचशे अकरा

“हे बघा,” म्हणत लिगाडे गुरुजींनी पाटी माझ्यापुढे धरली.

पाटीवर उभी मांडलेली बेरीज होती. वर पंचवीस, खाली छत्तीस, मग रेघ, आणि रेघेखाली उत्तर : ५११.

“पाचशे अकरा,” गुरुजी म्हणाले. “पंचवीस पेरू घ्या, छत्तीस पेरू घ्या, टोपलीत टाका. झाले पाचशे अकरा पेरू! असं होत असतं ना मॅडम, तर मी नोकरी सोडून बागच लावली असती.”

मी हसले. गुरुजींनाही हसू आलं. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्यांनी पाटी पुसली नाही, टेबलावर पालथीही घातली नाही. पुरावा ठेवावा तशी ती माझ्यासमोर ठेवून दिली.

माणदेशातलं कवठेखिंड नावाचं ते गाव. शाळा दोन शिक्षकी, त्यातल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानात एमएस्सी करून वर्षभर एका प्रयोगशाळेत काम केलं होतं आणि आता एका पाहणीत लागले होते. तिसरी-चौथीतल्या मुलांना बेरीज-वजाबाकी किती येते, हे गावोगाव जाऊन तपासायचं, एवढंच काम होतं. प्रत्येक मुलाला एकटं बसवायचं, छापील कागदावरची दहा गणितं द्यायची, उत्तरं तपासायची. कुणालाही काही शिकवायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. तापमापक ताप उतरवत नाही, असं आमचे सर म्हणायचे.

“सगळ्यांची तपासणी करा,” गुरुजी म्हणाले, “पण हिची आधी करा. भामा कासार. तिसरीत दुसरं वर्ष आहे. पोरगी गुणी आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डोकं चालत नाही हो तिचं. वर्गात तोंड उघडत नाही. एकदा हातचा घेते, एकदा घेत नाही. मनाला येईल तसं.”

मग त्यांनी खणातून एक अर्ज काढला. जिल्ह्याच्या गावी मतिमंद मुलांची निवासी शाळा होती. जेवणखाण, कपडे, औषधपाणी, सगळं फुकट. गुरुजींनी वर्षभर खेटे घालून तिथे एक जागा मिळवली होती.

“आज दुपारी तिची आई सहीला येणार आहे. माझ्या एकट्याच्या शब्दावर साहेब मंजुरी देत नाहीत. तुम्ही बाहेरच्या, शिकलेल्या. तपासणी झाली की खाली दोन ओळी लिहा. मुलगी सर्वसाधारण वर्गात शिकू शकत नाही, एवढंच.”

“आईची तयारी आहे?”

“तिला काय कळतंय? गुरुजी म्हणतात म्हणून तयार आहे. नवरा-बायको बांगड्यांचं दुकान घेऊन जत्रा करत फिरतात. पोरगीला बरोबर नेतात. घरी ठेवून तरी काय करणार? मॅडम, मला तिचं वाईट व्हायला नकोय. इथं पोरं तिला छळतात. तिथं निदान तिच्यासारखीच असतील.”

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच मला त्या अर्जाकडे बघताना अवघडल्यासारखं झालं.

*

तपासणीसाठी मला शेजारची खोली दिली होती. तिथे तांदळाची पोती, मोडकी बाकं आणि भारताचा एक फाटका नकाशा होता. भामा दारात येऊन उभी राहिली. अंगाने बारीक, केस तेल लावून घट्ट बांधलेले. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि त्या वाजू नयेत म्हणून तिने हात पोटाशी धरले होते.

“ये, बस. नाव काय तुझं?”

ती उत्तर देणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. “पाचशे अकरा!” पाठोपाठ पळणारी पावलं आणि खिदळणं.

“तुला म्हणतात?”

तिने मान हलवली. रागावलेली दिसली नाही. पाऊस पडतोय का विचारल्यावर हो म्हणावं, तशी मान हलवली.

मी तिला कागद दिला. “जमेल तसं सोडव. बोटं मोडलीस तरी चालेल. घाई नाही.”

तिला घाई नव्हतीच, पण ती अडतही नव्हती. याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. गणित न येणारी मुलं मी तोवर पुष्कळ पाहिली होती. ती पेन्सिल चावतात, एक आकडा लिहितात आणि तुमच्या तोंडाकडे बघतात. तुमची भुवई हलली की आकडा खोडतात. भामा एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरायचा, ओठ हलायचे, आणि मग ती शांतपणे उत्तर लिहायची. लिहिलेलं उत्तर तिने एकदाही खोडलं नाही.

तेवीस आणि चौदा, सदतीस. बरोबर. बेचाळीस आणि पस्तीस, सत्याहत्तर. बरोबर.

सत्तावीस आणि अडतीस. तिने लिहिलं, ६३.

अठ्ठेचाळीस आणि चोवीस. ७०.

चौतीस आणि सव्वीस. ५१०.

वजाबाक्यांतही तेच. बावन्नातून सत्तावीस गेले, तिच्या मते सत्तावीसच उरले. साठातून चौतीस गेले, अठ्ठावीस उरले.

माझ्या तक्त्यात प्रत्येक गणितापुढे दोनच रकाने होते, बरोबर आणि चूक. मी खुणा केल्या. दहापैकी तीन. गुरुजींना हव्या असलेल्या दोन ओळी लिहायला तेवढं पुरेसं होतं.

“जाऊ?” तिने विचारलं.

“जा. पण मधल्या सुट्टीनंतर परत ये.”

“परत?” ती गोंधळली. “समदी चुकली का?”

“तुला काय वाटतं?”

तिने कागदाकडे नीट पाहिलं. “मला तर बरोबर वाटत्यात,” ती हळूच म्हणाली. “पर मला नेहमीच वाटत्यात.”

*

मधल्या सुट्टीत गुरुजींनी चहा मागवला. मी चहा तसाच ठेवून कागद बघत बसले.

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली एक जुना काटा होता. त्यावर काहीही ठेवलं तरी वजन खऱ्याहून ठरावीकच कमी दिसायचं. नवीन मुलं त्याला बिघडलेला म्हणायची. पण बिघडलेला काटा कधी जास्त दाखवेल, कधी कमी. दर वेळी तेवढंच कमी दाखवणारा काटा आपलं काम चोख करत असतो. फक्त त्याची सुरुवात भलत्या ठिकाणाहून झालेली असते.

सत्तावीस आणि अडतीस पासष्ट, भामाचे त्रेसष्ट. अठ्ठेचाळीस आणि चोवीस बहात्तर, भामाचे सत्तर. दोनाने कमी, दोन्ही वेळा. बावन्नातून सत्तावीस गेले की पंचवीस उरतात, भामाचे सत्तावीस. साठातून चौतीस गेले की सव्वीस, भामाचे अठ्ठावीस. इथे दोनाने जास्त, पुन्हा दोन्ही वेळा. आणि जिथे हातच्याची गरज नव्हती, तिथे उत्तर बिनचूक.

मनाला येईल तसं करणाऱ्या मुलीच्या चुका इतक्या शिस्तीत कशा?

“गुरुजी,” मी म्हटलं, “ही बेरजेत नेहमी दोनाने चुकते.”

“आणि पाचशे अकरा? ते कितीनं चुकलं?” गुरुजींनी बशीत चहा ओतला. “मॅडम, तुम्ही नव्या आहात. पोरांच्या चुकीत अर्थ शोधायला लागलात तर वेड लागेल. चुकलं ते चुकलं.”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाचशे अकरा आणि पाचशे दहा माझ्या हिशेबात बसत नव्हते. तिथे तिने हातचा घेतलाच नव्हता; पाच आणि सहा अकरा झाले, तर अकरा तसेच लिहून टाकले होते. तिसरीतली कितीतरी मुलं असं करतात. पण मग सात आणि आठ पंधरा झाल्यावर तीच मुलगी एक पुढे का नेते?

मी कागदाच्या मागे पायऱ्यांसारखी चार गणितं मांडली. पंधरा आणि पंधरा. सोळा आणि पंधरा. सोळा आणि सोळा. सतरा आणि सोळा. एककाच्या घरात एकेकाने वाढत जाणारी. मला एवढंच बघायचं होतं, की ही एक पुढे न्यायला नेमकी कुठे सुरुवात करते.

*

भामा आली. यावेळी बांगड्या आवरून धरायचं विसरली होती. तिने चारही गणितं सोडवली.

२१०. २११. ३०. ३१.

मी कागद माझ्याकडे ओढला. दहाला हातचा नाही. अकराला नाही. बाराला आहे. तेराला आहे.

“हे बघ,” मी तिसऱ्या आणि मग दुसऱ्या गणितावर बोट ठेवलं. “इथे तू एक पुढे नेलास. इथे नेला नाहीस. का?”

“हितं गठ्ठा भरला,” ती म्हणाली. “हितं न्हाई भरला.”

“कसा कळतो भरलेला?”

माझ्या अडाणीपणाची तिला कीव आली असावी. “भरला की कळतंयच की.”

मी उठले. शेजारच्या वर्गात गुरुजी चौथीची कविता म्हणून घेत होते. त्यांच्या कपाटात काड्यांच्या गठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा मी सकाळी पाहिला होता. गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या, दशक आणि एकक शिकवायची ती जुनी रीत. मी डबा मागून घेतला. दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा भामाच्या हातात दिला.

“हा गठ्ठा ओळखतेस?”

“व्हय. गुरुजी दावत्यात. फुडची पोरं घेत्यात हातात.”

“तू कधी घेतला नाहीस?”

“मी मागं बसती.”

“यात किती काड्या असतील?”

“बारा,” ती म्हणाली.

“मोजल्यास?”

“मोजायच्या कशाला? गठ्ठा हाय न्हवं.”

“मोजून तर बघ.”

तिने दोरा सोडला. काड्या मांडीवर घेऊन एकेक बाजूला टाकू लागली. अंगठा पेरांवरून चालला होता, करंगळीपासून तर्जनीकडे, एका बोटावर तीन पेरं. तर्जनीच्या पहिल्या पेरावर तो थांबला. काड्या संपल्या होत्या. तिने फ्रॉक झटकला, बाकाखाली वाकून पाहिलं.

“दोन पडल्या वाटतं.”

“पडल्या नाहीत. मी बघत होते.”

तिने दुसरा गठ्ठा उचलला. तो सोडून मोजला. मग तिसरा. आता तिचा चेहरा पार बदलला होता. मघापर्यंत डोळे वर न करणारी ती मुलगी थेट माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काळजी होती.

“बाई,” ती आवाज खाली आणून म्हणाली, “समद्यांत दोन-दोन कमी हायत.”

“मग?”

“दुकानदारानं गुरुजींना फसवलंय.”

मला हसू आवरेना. पण ती गंभीर होती, म्हणून मी तोंड फिरवून नकाशाकडे पाहिलं. तिच्यासाठी ही थट्टेची गोष्ट नव्हती. जत्रेत कुणी कमी बांगड्यांचा गठ्ठा गळ्यात मारला, तर घरी काय होत असेल ते तिला ठाऊक होतं.

“तुमच्याकडे बांगड्यांचा गठ्ठा केवढ्याचा?” मी विचारलं.

“डझनाचा. दुसरा कसला आसतोय?” आता तिला बोलायला आवडू लागलं होतं. “जत्रा उठली की समदा माल मिसळल्याला आसतोय. आई रंग निवडती आन् मी मोजती. बारा झाल्या की दोरा घालायचा, डाव्या अंगाला ठेवायचा. उरल्याल्या सुट्ट्या, उजव्या अंगाला. गुरुजी बी तसंच सांगत्यात. गठ्ठा डावीकडं, सुट्टं उजवीकडं.”

“गुरुजींनी गठ्ठ्यात दहा काड्या असतात असं सांगितलं नाही?”

ती आठवू लागली. “दोन्ही वर्सं आमी तवा जत्रंला व्हतो,” ती म्हणाली. “खरसिंगच्या. आलो तवा गठ्ठं बांधून झालं व्हतं.”

आता एकच शंका उरली होती. मी पाटीवर २७ लिहिलं. “हे वाच.”

“सत्तावीस.”

“एवढ्या काड्या दे मला.”

तिने दोन ढीग केले. प्रत्येकात बारा काड्या. शेजारी सात सुट्ट्या ठेवल्या.

“आता सगळ्या मिळून मोज. एकापासून.”

तिने मोजल्या. “एकतीस.”

“पण इथे तर सत्तावीस लिहिलंय.”

“व्हय,” ती म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

“सत्तावीस आणि एकतीस एकच का?”

“न्हाई. पर ल्हियाचं येगळं आन् मोजायचं येगळं.” तिने मला समजावलं. “साळंत तसंच आसतंय ना?”

दोन वर्षं ही मुलगी मागच्या रांगेत बसून हेच धरून चालली होती, की शाळेतल्या आकड्यांचा खऱ्या वस्तूंशी मेळ बसत नसतो, आणि बाकीच्यांना ते चालतं म्हणून आपणही चालवून घ्यायचं.

शिकवायचं नाही, अशी ताकीद होती. मी पाटी पुसली.

“भामा, दुकानदाराने फसवलेलं नाही. शाळेत गठ्ठा दहाचाच असतो. दहा झाले की बांधायचा.”

“दहालाच?”

“हो.”

“कुणी ठरवलं?”

“पूर्वीच्या लोकांनी. दोन हातांची दहा बोटं, म्हणून असेल.”

तिने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. “बोटं कशाला मोजायची? प्येरं हायत की,” ती म्हणाली. “आन् दहाचं वाटताना वांदं व्हत्यात. बारा कशा, दोन्ही हातांत सा-सा. तिघी भनी आल्या, चार-चार. दहाच्या तिघींना कशा घालायच्या?”

“नाही घालता येत.”

“मग?”

“मग काही नाही. शाळेत दहाच.”

तिने थोडा विचार केला, आणि एखाद्या हट्टी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं तसं म्हणाली, “बरं. दहा तर दहा.” कागद पुढे ओढून तिने सकाळची गणितं परत करायला घेतली. अंगठा आता पेरांवर तसा फिरत नव्हता. अडखळत होता, दोन पेरं आधीच थांबायला शिकत होता. पहिल्या दोन गणितांना वेळ लागला. नंतर लागला नाही.

*

“दहापैकी दहा,” गुरुजी म्हणाले आणि कागद उलटसुलट करून पाहू लागले. “तुम्ही सांगितलंत का हिला?”

“एकच गोष्ट सांगितली. गठ्ठा दहाचा असतो.”

मी त्यांना सगळं समजावलं. सकाळचा कागद आणि दुपारचा कागद शेजारी ठेवले. दोनाचा फरक दाखवला, पाचशे अकरा म्हणजे पाच गठ्ठे आणि अकरा सुट्टे हे दाखवलं. गुरुजी ऐकत होते. पण त्यांचा चेहरा आक्रसत गेला.

“गठ्ठा दहाचा असतो हे मी शंभरदा सांगितलंय.”

“ती त्या वेळी जत्रेला होती.”

“नंतर विचारायचं होतं तिनं.”

“तिला शंकाच आली नाही, गुरुजी. गठ्ठा काय असतो, हे तिला शाळेत येण्याआधीपासून माहीत होतं.”

गुरुजी उठले, खिडकीपाशी गेले. बाहेर बाभळीखाली एक बाई येऊन बसली होती. शेजारी कापडाने बांधलेली बांगड्यांची पेटी.

“आली तिची आई,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं जाणार. तुमचं कोडं सुटलं, तुम्हाला आनंद झाला. पण ही जागा परत मिळायची नाही. तुमचा अंदाज चुकला, खोलीत तुमच्यापुढं जमलं आणि वर्गात नाही जमलं, तर ही पोरगी इथं तशीच बसणार. पोरं तिला तशीच छळणार. याचा विचार केलात?”

मी केला नव्हता. कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, हेही खरं होतं.

“तर मग वर्गातच बघू,” मी म्हटलं. “गणित तुम्ही घाला. मी बोलणार नाही.”

गुरुजींनी अर्ज खणातून काढून खिशात ठेवला. जमलं नाही तर तिथेच आईची सही घ्यायला, हे मला उघडच कळलं.

*

तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसत. गुरुजी आत गेल्यावर गलका थांबला. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, अठ्ठावन्न अधिक सव्वीस.

“भामा कासार. फळ्यापाशी ये.”

वर्गात खसखस पिकली. मागच्या रांगेतून भामा उठली, आणि तिच्याबरोबर तीन-चार दबके आवाज उठले. “पाचशे… पाचशे…” गुरुजींनी डस्टर टेबलावर आपटलं.

ती फळ्यापाशी आली. गुरुजींच्या हातून खडू घेतला. आकड्यांकडे बघितलं. अंगठा पेरांकडे गेला आणि तिथेच थांबला. ती लिहीना.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा भाव नव्हता, उलट ती नजर खिन्नच होती. त्यांचा हात खिशाकडे गेला.

भामा वळली.

“गुरुजी,” तिने विचारलं, “दहाचा धरू का बाराचा?”

वर्ग हसायला निघाला होता, पण कशाला हसायचं तेच कुणाला कळलं नाही. गुरुजी खिशातला हात तसाच ठेवून उभे राहिले. बावीस वर्षं त्यांनी मुलांना प्रश्न विचारले होते. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

“दहाचा,” ते शेवटी म्हणाले.

तिने लिहिलं, ८४. आणि खडू परत द्यायला हात पुढे केला.

गुरुजींनी खडू घेतला नाही. ते फळ्याकडे बघत होते. “आणि,” ते म्हणाले, “बाराचा धरला तर?”

भामाने शेजारी लिहिलं, ८२.

“गुरुजी, एका गणिताची दोन उत्तरं कशी?” पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला.

“गप रे. मी तेच बघतोय,” गुरुजी म्हणाले. ते फळ्याच्या अगदी जवळ गेले. ओठ हलले. आठ आणि सहा चौदा, बारा गेले, दोन उरले. मग त्यांनी भामाकडे असं पाहिलं, जसं मी तिच्याकडे दुपारी त्या खोलीत पाहिलं होतं. “भामा. पंधराचा गठ्ठा केला तर?”

हे तिने कधी केलं नव्हतं. कुणीच केलं नसेल. ती खडू दाबत उभी राहिली.

“मग भरतच न्हाई, गुरुजी,” ती म्हणाली. “सात गठ्ठं आन् चौदा सुट्ट्या.”

माझ्या मागे बांगड्या वाजल्या. भामाची आई, गिरजाबाई, दाराशी आली होती. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, “गुरुजी, मी आली. कुटं सही करायची ती सांगा. मला वडूजच्या बाजारला जायाचंय.”

गुरुजी वळले. फळ्याजवळच्या लेकीकडे आणि दारातल्या आईकडे त्यांनी एकदा आळीपाळीनं पाहिलं.

“सही नको,” ते म्हणाले.

“आं?” गिरजाबाई घाबरली. “जागा ग्येली व्हय? तरी मी म्हनलं हिच्या बापाला, लवकर जाऊ या…”

“जागा गेली नाही. पोरगी कुठं जाणार नाही. इथंच शिकेल.”

“इथं?” तिचा विश्वास बसत नव्हता. “आवं, तुमीच म्हनला व्हता, हिला काय यायचं न्हाई म्हनून. मी मन घट केलं, गुरुजी. हिची कापडं धुऊन ठेवली, पिशवी भरली. आता काय झालं?”

“मी म्हणालो होतो,” गुरुजी म्हणाले. “आता नाही म्हणत. पण बाई, जत्रा असली तरी हिला इथं ठेवून जा.”

“आन् बांगड्या कोन मोजनार?”

वर्ग खो खो हसला. या वेळी भामाही हसली. आणि मग कुणालाच आवरलं नाही. “गुरुजी, मी करू? सातचा गठ्ठा!” “गुरुजी, मला विसाचा!” चौथीची मुलं बाकावर गुडघे टेकून उभी राहिली. कुणी बोटं मोजत होतं, कुणी पेरं. गिरजाबाई दारात खाली बसली आणि पेटी मांडीवर घेऊन तो गोंधळ बघू लागली. बाजार ती विसरली होती.

“ए भामे,” मागून कुणीतरी हेटाळणीच्या सुरात ओरडलं, “एकाचा गठ्ठा कर की! बघू जमतंय का!”

हशा झाला. गुरुजी रागवायला वळले, पण भामाने त्यांच्याआधी फळ्याकडे तोंड केलं होतं. अठ्ठावन्न आणि सव्वीसकडे ती बराच वेळ बघत राहिली. बघता बघता एकेक जण गप्प झाला. तो प्रश्न थट्टेचा होता, हे ती विसरूनच गेली होती.

“एकाचा केला,” ती सावकाश म्हणाली, “तर सुट्टं कुनीच ऱ्हात न्हाई.”

“बरोबर,” लिगाडे गुरुजी म्हणाले.